म्युटर म्युझियम: कवट्या, हाडं आणि गिळलेल्या टाचण्या

लेकीकडे न्यू जर्सीला गेलेले आईवडील फिलाडेल्फियात लिबर्टी बेल बघून परततात. आम्ही या खेपेस बाविसाव्या रस्त्यावरचं म्युटर म्युझियमही पाहिलं. डॉक्टरांच्या जुन्या संस्थेचा हा वैद्यकीय संग्रह 1863 पासूनचा. "भीती वाटली तर मी बाहेर बागेत बसेन," हिने आधीच सांगून ठेवलं होतं. दोन तास ती आतून हलली नाही.

व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ हिर्टल यांनी जमवलेल्या 139 कवट्या इथे रांगेत मांडल्या आहेत. कवटीच्या आकारावरून माणसाची अक्कल जोखणाऱ्यांना खोटं पाडायला त्यांनी त्या गोळा केल्या. हाडावरच नाव, गाव, वय, धंदा, मरणाचं कारण लिहिलेलं. एक विशीतला पोरगा, दोरावर चालणारा, मान मोडून गेलेला. आमच्या गावात येणारा डोंबारी आठवला आणि पुढे सरकवेना. या लोकांना कुणी विचारलं असेल का, हे मला फार खुपलं.

हॅरी ईस्टलॅकने मात्र स्वतः देह दिला. स्नायूंचं हाड बनवणारा दुर्मीळ आजार. 1973 साली चाळिशीच्या आत तो गेला तेव्हा फक्त ओठ हलत होते. शेजारी त्याच आजाराच्या कॅरॉल ऑर्झेलचा सांगाडा आहे. आपले दागिने सोबत मांडावेत, ही तिची अट होती. ते नक्की बघा.

लहान मुलं असलेल्यांनी घशाचे डॉक्टर शेव्हलिअर जॅक्सन यांचे खण चुकवू नयेत. माणसांच्या घशातून, श्वासनळीतून काढलेल्या 2,374 वस्तू: बटणं, नाणी, उघड्या सेफ्टी पिना, शाळेतल्या शंभर टक्के हजेरीचा बिल्लासुद्धा. घरी परतल्यावर लेकीने नातवाच्या हाताशी असलेले शेंगदाणे आधी उचलून ठेवले.

थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवरून नदीचा पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत चालत पोचता येतं. जागा लहान, म्हणून तिकीट आधी ऑनलाइन काढा. फोटोचे नियम दारातच विचारा. गर्भांचे नमुनेही आहेत. घरात नुकतं तसं दुःख झालं असेल तर हे म्युझियम पुढच्या खेपेला ठेवा. बाहेरच्या औषधी वनस्पतींच्या बागेत बाकं आहेत, निघताना आम्ही तिथे बराच वेळ टेकलो.