कॉमन लिस्पमध्ये आर्ग्युमेंटचे टाइप तपासताना : माझा अनुभव

कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत टाइप, म्हणजे आकडा, स्ट्रिंग असा प्रकार, व्हेरिएबलला नसतो, त्यातल्या व्हॅल्यूला असतो. त्यामुळे फंक्शनला काहीही पाठवता येतं आणि चूक कळते ती बरंच आत गेल्यावर. उदाहरणाला कर्जाचा मासिक हप्ता काढणारं फंक्शन घेतो. आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला पाठवायच्या व्हॅल्यू, तीन: मुद्दल, महिन्याचा व्याजदर आणि महिने. मुद्दल 5,00,000, दर वर्षाला 9 टक्के म्हणजे महिन्याला 0.0075, मुदत 240 महिने, हप्ता 4,498.63 रुपयांच्या आसपास येतो. आता मुद्दल सीएसव्ही फाइलमधून वाचलेलं असेल आणि आकड्यात न बदलता तसंच पाठवलं, तर ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते. एसबीसीएल (कॉमन लिस्पचा एक कंपाइलर) गुणाकारापर्यंत जातं आणि तिथे सांगतं की एक्सला बाइंड करताना मिळालेली ही व्हॅल्यू नंबर नाही. हा एक्स आपल्या कोडमध्ये कुठेच नाही, तो गुणाकाराच्या आतला आहे. चूक मुद्दलात आहे हे बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) वाचून शोधावं लागतं.

म्हणून बाहेरून बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी मी चेक-टाइप हा टाइप तपासणारा मॅक्रो लिहितो. या मॅक्रोला आधी जागा (व्हॅल्यू जिथे ठेवली आहे ते व्हेरिएबल किंवा लिस्टचा घटक) द्यायची, मग टाइप, आणि हवं तर शेवटी वर्णनाची स्ट्रिंग. टाइपला कोट (आधी द्यायचं ' हे चिन्ह) लावायचा नाही. व्हॅल्यू त्या टाइपची आहे का ते सांगणारं टाइप-पी हे फंक्शन असल्यामुळे तिथे कोट लागतो, आणि त्या सवयीने इथेही लावला की टाइप चुकीचा असल्याची तक्रार येते. डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन) आणि डिक्लेअर (कंपाइलरला दिलेली माहिती) आधी, चेक-टाइप त्यानंतर. उलट क्रम लावला तर डिक्लेअर भलत्या जागी आलं म्हणून कंपाइल होत नाही. वर्णनाची स्ट्रिंग मात्र जरूर द्यावी. ती दिली नाही तर संदेशात पूर्ण टाइप जसाच्या तसा छापला जातो, आणि लांबलचक टाइप कुणी वाचत नाही.

जागा द्यायची याचं कारण स्टोअर-व्हॅल्यू हा रीस्टार्ट, म्हणजे एररनंतर पुढे जाण्याचा पर्याय. तपासणी फसली की टाइप-एरर उठते आणि डीबगर नवी व्हॅल्यू मागतो. ती त्या जागेत भरून पुन्हा तपासली जाते आणि काम पुढे चालू राहतं. जागा म्हणून साधं व्हेरिएबल दिलं असेल तर बदल फंक्शनपुरताच राहतो. पण लिस्टचा कार (पहिला घटक) दिला असेल तर नवी व्हॅल्यू बोलावणाऱ्याच्याच लिस्टमध्ये लिहिली जाते. हे टाळायचं तर घटक आधी लेटने वेगळ्या नावात घ्यावा आणि ते नाव तपासावं. एसबीसीएल नॉन-इंटरॅक्टिव्ह चालवलं असेल तर डीबगर येतच नाही, बॅकट्रेस छापून प्रोग्रॅम थांबतो. सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमध्ये हँडलर-केसने टाइप-एरर पकडून टाइप-एरर-डेटम आणि टाइप-एरर-एक्स्पेक्टेड-टाइप लॉगमध्ये लिहावेत. आलं काय आणि हवं काय होतं, दोन्ही हाती लागतं.

खरा विचार लागतो तो कुठला टाइप लिहायचा यासाठी. महिन्यांना नुसतं इंटिजर लिहिलं तर 0 आणि ऋण आकडेही चालतात. इंटिजर 1 480 असं कंसात लिहिलं की दोन्ही टोकं धरून मर्यादा येते. मर्यादेचा आकडा स्वतःच्या कंसात टाकला की ते टोक वगळलं जातं. दरासाठी रिअल लिहून खालच्या 0 ला असा कंस देणं गरजेचं आहे, कारण दर 0 आला तर सूत्राचा छेद 0 होतो. बिनव्याजी कर्ज वेगळ्या फांदीत हाताळावं. वरची मर्यादा 1 ठेवली तर वर्षाचे 9 टक्के म्हणून पाठवलेला 9 अडतो, पण महिन्याचे पाऊण टक्का म्हणून पाठवलेलं 0.75 सुटतं. मी ती 1/10 ठेवतो. महिन्याला 10 टक्क्यांवरचं कर्ज या प्रोग्रॅममध्ये यायलाच नको.

रिअलमध्ये अपूर्णांकही येतात, आणि इथे परिणाम नजरेत भरतो. दर 9/1200 असा दिला तर लिस्प तो अचूक धरून ठेवतं. 240 वा घात घेतल्यावर छेदातच 600 हून जास्त अंक असतात. उत्तर बरोबर असतं, पण तो हप्ता म्हणून छापता येत नाही. त्यामुळे तपासणी झाल्यावर लगेच कोअर्सने (टाइप बदलणारं फंक्शन) डबल-फ्लोट (जास्त अचूक दशांश आकडा) करून घेतो. उलट बाजूने, टाइपच डबल-फ्लोट लिहिला तर 0.0075 अडतं, कारण साध्या लिहिण्यात तो सिंगल-फ्लोट वाचला जातो. डबलसाठी मागे डी-शून्य जोडावं लागतं. लोकांना हे लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा तोंडाशी रिअल घेऊन आत बदललेलं बरं.

गरजेपेक्षा अरुंद टाइप हा चुकीच्या कोडइतकाच त्रास देतो. फंक्शन घेणाऱ्या आर्ग्युमेंटला फंक्शन हा टाइप लिहिला की कोट लावून कारचं सिम्बॉल (नुसतं नाव) पाठवणारा माणूस अडतो, आणि फंक्शन बोलावणाऱ्या फनकॉलला तर सिम्बॉल चालतं. तिथे फंक्शन किंवा सिम्बॉल असा ऑर लिहावा. सिंपल-स्ट्रिंग लिहिलं की फिल-पॉइंटर असलेली (लांबी बदलू शकणारी) स्ट्रिंग बाहेर राहते. डबल-फ्लोटचा व्हेक्टर मागितला की एलिमेंट-टाइप न देता बनवलेला ॲरे आत येत नाही, मग त्यात सगळे डबल-फ्लोट असले तरी. नावाने द्यायच्या पर्यायी आर्ग्युमेंटचं डिफॉल्ट निल (रिकामी व्हॅल्यू) असतं, म्हणून तिथे नल किंवा इंटिजर असं लिहायचं. ते विसरलं तर आर्ग्युमेंट न देणाऱ्या प्रत्येकाला एरर मिळते. आणि निल हे सिम्बॉलही आहे, लिस्टही आहे, बूलियनही आहे. सिम्बॉल तपासून निल अडेल ही अपेक्षा ठेवू नये.

आता डिक्लेअर. 1994 च्या एएनएसआय (अमेरिकन मानक संस्था) मानकानुसार टाइपचं डिक्लेअरेशन हे आपण कंपाइलरला दिलेलं वचन आहे; ते मोडलं तर काय होईल हे ठरलेलं नाही. एसबीसीएल त्याच्या सीएमयूसीएल या पूर्वजासारखं डिक्लेअरेशनला तपासणी मानतं, त्यामुळे पुष्कळ जण चेक-टाइप सोडून फक्त डिक्लेअरवर भागवतात. दुसऱ्या इम्प्लिमेंटेशनवर तेच कोड निमूट चुकीचं उत्तर देऊ शकतं. एसबीसीएलमध्येही सेफ्टी (तपासणी किती कडक हे सांगणारा 0 ते 3 चा आकडा) 0 केली की डिक्लेअरेशन न तपासता खरं मानलं जातं. स्पीड सेफ्टीपेक्षा वर आणि सेफ्टी 2 च्या खाली असेल तर तपासणी सैल होते: 3 ते 17 चा इंटिजर मागितला असताना फिक्सनम (मशीनच्या एका शब्दात मावणारा इंटिजर) आहे एवढंच पाहिलं जाऊ शकतं, आणि 64 बिटांवर तो 2 च्या 62 व्या घाताच्या अलीकडेपर्यंत जातो. चेक-टाइप हे साधं कोड असल्यामुळे सेफ्टीच्या आकड्यावर अवलंबून नाही, पण एकाच आर्ग्युमेंटवर दोन्ही लिहू नयेत. डिक्लेअर वाचून कंपाइलर ठरवतो की चेक-टाइप कायम खरंच ठरणार, आणि ते काढून टाकतो. मग सेफ्टी 0 असेल तर कुठलीच तपासणी उरत नाही. बाहेरच्या फंक्शनला चेक-टाइप, आतल्या वेगवान फंक्शनला डिक्लेअर, अशी विभागणी मी पाळतो. टेस्ट चालवताना रिस्ट्रिक्ट-कंपाइलर-पॉलिसीने सेफ्टी किमान 3 करून पूर्ण कंपाइल करावं. लपलेली चुकीची डिक्लेअरेशन्स तिथे उघडी पडतात.

लिस्टमधला प्रत्येक घटक इंटिजर आहे हे मूळ टाइपांमध्ये सांगता येत नाही. त्यासाठी फंक्शनच्या होकारावर टाइप ठरवणारं सॅटिस्फाइज वापरावं लागतं. त्याला लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) चालत नाही, ग्लोबल फंक्शनचं नावच हवं, आणि ते फंक्शन कोणतीही वस्तू दिली तरी एरर न देता उत्तर देणारं असावं. कंपाइलर कंपाइल करतानाच त्याला बोलावू शकतो, म्हणून ते आणि डेफटाइप (नव्या टाइपची व्याख्या) आधी लोड होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. अशी तपासणी दर वेळी पूर्ण लिस्ट चालते. रिकर्सिव्ह (स्वतःलाच बोलावणाऱ्या) फंक्शनच्या तोंडाशी ती ठेवली तर 10,000 घटकांच्या लिस्टवर सुमारे 5 कोटी तपासण्या होतात. बाहेर एकदा तपासून रिकर्शन लेबल्सच्या (फंक्शनच्या आतच लिहिलेल्या फंक्शनच्या) आत न्यावं.

दोन आर्ग्युमेंटमधलं नातं, जसं सुरुवात शेवटाच्या आधी असणं, हे असर्ट या मॅक्रोचं काम. तो टाइप-एरर देत नाही, त्यामुळे हँडलरमध्ये त्याचा वेगळा विचार करावा. डेफमेथडने लिहिलेल्या मेथडमधून निवड होते ती आर्ग्युमेंटच्या क्लासवर. इंटिजर 1 480 किंवा कीवर्ड हे टाइप आहेत, क्लास नाहीत, त्यामुळे ते मेथडच्या आत तपासायचे. डेफक्लासच्या स्लॉटला लिहिलेला टाइप तपासला जाईल अशी हमी मानक देत नाही. कन्स्ट्रक्टर फंक्शनमध्ये चेक-टाइप ठेवावं.

टेस्ट लिहिताना एक अडचण हमखास येते. चुकीचं आर्ग्युमेंट कोडमध्येच स्थिर लिहिलं आणि फंक्शनचा एफटाइप (आर्ग्युमेंट आणि उत्तराचे टाइप) जाहीर केलेला असला, तर एसबीसीएल कंपाइल करतानाच वॉर्निंग देतं, आणि एएसडीएफ (लिस्पचं बिल्ड करणारं साधन) एसबीसीएलवर अशा वॉर्निंगला अपयश धरून बिल्ड थांबवतं. ही वॉर्निंग दाबू नये, नेहमीच्या कोडमध्ये ती फार कामाची आहे. चुकीच्या व्हॅल्यूंची लिस्ट ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवावी आणि ॲप्लायने पाठवावी. मग कंपाइलरला व्हॅल्यू आधी दिसत नाही आणि टाइप-एरर टेस्ट चालतानाच उठते. या लिस्टमध्ये मी निल, रिकामी स्ट्रिंग, 0, -1, 1/2 आणि मर्यादेपेक्षा 1 ने मोठा आकडा ठेवतो. दरासाठी 1/2 अडायला हवा, मुद्दलासाठी चालायला हवा, म्हणून प्रत्येक आर्ग्युमेंटची लिस्ट वेगळी करावी लागते.