आज फोन उचलला
या शहरात येऊन 4 महिने झाले. इथल्या परक्या भाषेत समोरासमोर बोलणं जमायला लागलंय, पण ऑफिसातला फोन वाजला की पोटात गोळा यायचा. फोनवर ना ओठ दिसतात, ना चेहरा. त्यात साध्या फोन लाइनवर 3400 हर्ट्झच्या वरचा, म्हणजे फार उंच पट्टीतला, आवाज जवळजवळ येतच नाही, त्यामुळे 'स' आणि 'फ' सारखेच वाटतात. परक्या भाषेत मग अंदाज तरी कशावरून बांधायचा?

आज मात्र आसपास कोणीच नव्हतं. उचलला. 'जरा सावकाश बोलाल का?' असं दोनदा विचारलं, नाव एकेक अक्षर करून लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. पलीकडच्या बाई शांतपणे थांबल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी नकाशा न उघडता घरी आले. हो, 'घरी' हाच शब्द मनात आला.