शूचा डायपर सुटला, शीचा सुटेना – आमचा अनुभव

शूचं ट्रेनिंग आमच्याकडे फारसा त्रास न होता झालं. लेक अडीच वर्षांची होत आली होती, दुपारी झोपून उठल्यावर डायपर बरेचदा कोरडा निघायचा, चड्डी स्वतःची स्वतः खाली ओढता यायची, "शू आली" हे शू होऊन गेल्यावर का होईना पण सांगायची, म्हणजे तयारीची जी लक्षणं सांगतात ती बहुतेक दिसत होती. मग दोघांना जोडून सुट्टी मिळाली तेव्हा दिवसाचा डायपर बंदच केला. काही दिवस फरशी पुसण्यात आणि चड्ड्या धुण्यात गेले आणि मग जमलं तिला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, सगळीकडे वाचायला मिळतं ते. मला लिहायचंय ते शीबद्दल, कारण त्यात आमचं जवळपास वर्ष गेलं आणि त्या काळात मला असं कुणीतरी सविस्तर सांगितलेलं हवं होतं.

तर शू पॉटीत, पण शीला डायपरच पाहिजे. शी आली की स्वतः जाऊन डायपर घेऊन यायची, घालून घ्यायची आणि पडद्यामागे कोपऱ्यात जाऊन उभी राहायची. तिथे कुणी बघितलेलंही चालायचं नाही. घरी डायपर मिळत होता तोवर चाललं होतं, पण पाळणाघरात ती मोठ्या मुलांच्या गटात गेली आणि तिथे डायपर चालत नव्हता. झालं, दिवसभर धरून ठेवायला लागली. घरी आल्यावरही मग लगेच होईना, एक दिवसाचे दोन, दोनाचे तीन, आणि शेवटी व्हायची तेव्हा इतकी मोठी आणि कडक की ती किंचाळायची अक्षरशः. एकदा पुसताना टिशूवर रक्ताची रेघ दिसली आणि आम्ही डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टरांनी विचारलं, शी येते तेव्हा ती नेमकं काय करते? माझ्याकडे मोबाईलवर एक छोटासा व्हिडिओ होता, तो दाखवला. त्यात ती सोफ्याची कड घट्ट धरून टाचा उंचावून उभी आहे, पाय एकमेकांत अडकवलेले, गुडघे ताठ, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. घरात सगळे म्हणायचे, बिचारी किती कुंथतेय. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, ही कुंथत नाहीये, ही धरून ठेवतेय. कुंथणारं मूल गुडघे वाकवतं, खाली बसायला बघतं, आणि धरून ठेवणारं मूल पाय ताठ करतं, कुल्ले आवळून घेतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. हे ज्यांच्याकडे असं मूल आहे त्यांनी नक्की बघा, कारण पुढची सगळी वागणूक यावर ठरते. कुंथणाऱ्याला "जोर लाव" म्हणून चालेल कदाचित, पण जो जीव खाऊन शी आत ठेवायचा प्रयत्न करतोय त्याला जोर लाव म्हणून काय उपयोग?

आत काय होतं ते त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मोठं आतडं शीतलं पाणी शोषून घेतं. जितका वेळ शी आत राहील तितकी ती कोरडी आणि कडक होत जाते, कडक शी बाहेर येताना दुखते, कधी चीर पडते, म्हणून मूल पुढच्या वेळी अजून जास्त धरून ठेवतं, की ती अजून कडक. हे चक्र एकदा सुरू झालं की पॉटी, स्टिकर, समजावणं, ओरडणं कशानेच तुटत नाही, कारण मुलाच्या दृष्टीने तो हट्ट नसतोच, त्याला खरंच दुखलेलं असतं आणि ते लक्षात असतं. शिवाय शेवटचा भाग, गुदाशय, सतत भरलेला राहिला की ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग मुलाला विचारलं "शी आली का?" तर ते नाही म्हणतं आणि ते खोटं बोलत नसतं. वर हा भरलेला भाग पुढे मूत्राशयावर दाबतो, म्हणून चांगली शू सांगणारी मुलंसुद्धा परत चड्डीत करायला लागतात. आमच्याकडे हेही सुरू झालं होतं मधे, आणि दोन्हीचा संबंध असेल हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

अजून एक गोष्ट जी आईबाबांना माहीत असायलाच हवी. त्या सुमाराला तिच्या चड्डीला दिवसातून तीनचार वेळा पातळ डाग लागायला लागले होते. पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या जुलाब होतायत, घरी ठेवा. पण ते जुलाब नव्हते. आत कडक खडा अडकलेला असला की त्याच्या बाजूने वरची पातळ शी झिरपते आणि मुलाला ती थांबवता येत नाही. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर सगळं अजूनच बिघडेल. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं तर डाव्या बाजूला खाली हाताला लागत होतं.

मग औषध. शी मऊ करणारं, पाण्यात विरघळवून द्यायची पावडर, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. लॅक्ट्युलोजचं सिरपही देतात, कुठलं आणि किती ते वजन बघून डॉक्टरच ठरवतात, दुसऱ्याच्या मुलाचा डोस आपल्या मुलाला देऊ नये. आधी काही दिवस मोठा डोस देऊन साचलेलं सगळं बाहेर काढलं (त्या दिवसांत घरीच राहावं, इतकं सांगते) आणि मग रोजचा छोटा डोस. मला भीती होती की सवय लागेल, आतडं आळशी होईल. तसं होत नाही म्हणाले, ही औषधं आतड्याला ढकलत नाहीत, पाणी धरून ठेवून शी मऊ राखतात फक्त. उलट लोक औषध लवकर बंद करतात हाच मोठा घोटाळा असतो. चार दिवस नीट झाली की वाटतं झालं आता, आणि बंद केलं की परत पहिल्यापासून. मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांच्या युरोप आणि अमेरिकेतल्या संघटनांची २०१४ ची एकत्र गाइडलाइन आहे, तिच्यात रोजचं औषध कमीत कमी २ महिने, आणि सगळी लक्षणं जाऊन किमान १ महिना झाल्याशिवाय बंद करू नका असं आहे, ते पण हळूहळू कमी करत. आणि मूल पॉटी शिकण्याच्या वयात असेल तर ते पूर्ण शिकल्यावरच. हे शेवटचं वाक्य मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, कारण "अजून औषध चालूच आहे का" हे प्रत्येकजण विचारत होतं.

आणि दुसरं त्यांनी सांगितलं ते ऐकून तर सगळे चाटच पडले. शीसाठी डायपर मागते ना, द्या. मागेल तेव्हा द्या, एक शब्द न बोलता. आत्ता कुठे होते यापेक्षा रोज होणं आणि न दुखता होणं महत्त्वाचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं सुटलेला डायपर परत कशाला लावायचा, सवय मोडली की परत लावू नये." मी म्हटलं, "आई, सवय डायपरची नाहीये हो, भीती आहे तिला, भीती गेली की ती स्वतःच सोडेल." त्यांना ते पटायला वेळ लागला पण त्यांनी विरोध नाही केला, आणि खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्यांच्यामुळेच जमलं, कारण माझ्याकडे सकाळी तेवढा निवांत वेळच नसायचा.

तर आधी बराच काळ फक्त औषध आणि डायपर, पॉटीचं नावच नाही. तिचं किंचाळणं बंद झालं, पडद्यामागे ताठ उभं राहणं कमी झालं, रोज किंवा एक दिवसाआड मऊ शी व्हायला लागली. ब्रिस्टल चार्ट म्हणून एक चित्रांचा तक्ता असतो, शीचे ७ प्रकार, सुट्या खड्यांपासून ते पाण्यापर्यंत. आमचं लक्ष ४ वर होतं, सापासारखी लांबट, गुळगुळीत, मऊ. तो मी बाथरूमच्या दाराला आतून चिकटवला आणि लेकीला तो इतका आवडला की रोज झाल्यावर बोट ठेवून सांगायची आज कितवा नंबर. त्यातून झालं असं की शीबद्दल बोलणं सोपं झालं. "शीऽऽ घाण", "वास बघ किती" असलं बोलणं आम्ही सगळ्यांनी ठरवून बंद केलं होतं. नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांनाही सांगितलं.

मग जागा बदलायला घेतली. डायपर मिळेल, पण शी बाथरूममध्ये जाऊन करायची, उभ्याने चालेल. ते जमलं. मग डायपर घालून बंद कमोडच्या झाकणावर बसायचं, मग झाकण उघडून छोट्या सीटवर, डायपर अंगावरच. इथे आम्ही खूप अडकलो, बसायलाच तयार नव्हती. ताठ उभं राहून शी करायची इतकी सवय की बसलं की येतच नव्हती. त्यात कमोडवर तिचे पाय लोंबकळायचे. पाय लोंबकळत असले की खालचे स्नायू सैल पडत नाहीत, तोल सांभाळण्यातच जीव जातो. पाय टेकायला स्टूल ठेवलं, पण तेही उंचीला पुरेना, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, म्हणून त्यावर अजून एक पाट, असं करत करत ती थोडी पुढे वाकून, हात मांडीवर टेकून बसायला लागली आणि त्या आठवड्यापासून फरक दिसला. पैसे खर्च करून रंगीबेरंगी पॉटी सीट घेण्याआधी पायाखाली काहीतरी भक्कम ठेवा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

वेळ ठरवली जेवण झाल्यावरची. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, म्हणून जेवल्यानंतर अर्ध्या तासात यायची शक्यता सगळ्यात जास्त. सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, पाचेक मिनिटं, त्याहून जास्त नाही. आजी समोर बसून गोष्ट सांगायच्या, गोष्ट संपली की उठायचं, आली नाही तरी शाबासकी. शाबासकी बसल्याबद्दल, शी झाल्याबद्दल नाही, कारण बसणं तिच्या हातात आहे, येणं न येणं नाही. साबणाचे फुगे ठेवले होते, फुंकर मारताना पोटाचे स्नायू आपोआप काम करतात आणि खालचे सैल पडतात, "जोर लाव" न म्हणता जोर लागतो.

नंतर डायपरची पट्टी सैल करायची, मग खाली भोक पाडून घालायचा, म्हणजे अंगावर डायपर आहे पण शी कमोडमध्येच पडणार. भोक पाडायची कात्री तिच्याच हातात दिली, तिने स्वतः कापलं (मी हात धरून). आणि त्याच वेळी झाली! पाण्यात पडल्याचा आवाज ऐकून दचकली, वाकून बघितलं, आणि ओरडली "आजी, चार नंबर!" आजींच्या डोळ्यांत पाणीच आलं, माझ्याही. फ्लश मात्र लगेच केला नाही, त्या आवाजाला ती घाबरायची, ती बाहेर गेल्यावर करायचो. पुढे स्वतःच म्हणाली मी करते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे ताप आला, पाणी कमी प्यायली, दोन दिवस झाली नाही आणि परत पडद्यामागे टाचा उंच. यावेळी कळत होतं काय चाललंय ते, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी डोस थोडे दिवस वाढवायला सांगितला, डायपर मागितला तर दिला, आठवड्याभरात गाडी रुळावर आली. खाण्यात फळं, भाज्या, डाळी वाढवल्या आणि दूध कमी केलं, दिवसभरात अर्ध्या लिटरच्या आत, दुधाने पोट भरलं की ती बाकीचं काही खातच नव्हती. पण नुसत्या खाण्याने हे सुटलं असतं असं मला वाटत नाही, एकदा धरून ठेवायची सवय लागली की औषध लागतंच.

पाळणाघरात जाऊन मी ताईंशी निवांत बोलले, चिठ्ठी न देता समोर बसून. तिथल्या बाथरूमचं दार उघडं असायचं आणि मुलं ये-जा करायची, तिला ते नको होतं. दार लोटून घ्यायचं, पायाखाली स्टूल, आणि जेवणानंतर तिला आठवण करायची पण सगळ्यांसमोर नाही, एवढंच ठरलं. चड्डी खराब झाली तर काही न बोलता बदलायची. ताईंनी ते अगदी मनापासून पाळलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की शू जमूनही शी पॉटीत करायला नकार देणारी मुलं दर पाचात एखादं असतं. मला हे आधी माहीत असतं तर रात्री जागून विचार केला नसता की आमच्याच मुलीला काय झालंय. जवळजवळ सगळ्या मुलांमध्ये आत काही आजार नसतो. पण जन्मल्यापासूनच बद्धकोष्ठ असेल, जन्मल्यावर पहिली शी दोन दिवस उलटले तरी झाली नसेल, पोट फुगून उलट्या होत असतील, वजन वाढत नसेल, पायांत ताकद कमी वाटत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

रात्रीचा डायपर आमचा अजून आहे आणि आम्ही त्याच्या मागे लागलेलो नाही. रात्री कोरडं राहणं शिकवून येत नाही, झोपेत शू कमी तयार व्हायला एक हार्मोन लागतं, ते प्रत्येक मुलात आपापल्या वेळेला पुरेसं होतं, पाच वर्षांची साधारण १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. औषधाचा डोस आता निम्म्यावर आलाय, पुढच्या भेटीत अजून कमी करायचंय.