वारस नोंदीत बहिणीचं नाव कुठे गळतं

महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतःच हक्क दिला तो १९९४ साली, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती मेख हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं काढली. त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेली वाटणी मात्र मोडत नाही.

कायद्याचं हे असं. नाव गळतं ते तलाठ्याकडे. वडील गेल्यावर भाऊ अर्ज करतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडतो. त्यात बहिणीचं नाव लिहिलंच नाही, किंवा लिहून पत्ता माहेरचाच दिला, की फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस भावाच्याच हातात पडते. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करून मोकळे. म्हणून बहिणीनं वाट बघू नये, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर स्वतः अर्ज करावा. सासरचा पत्ता द्यावा. आधारवर सासरचं आडनाव असेल तर लग्नापूर्वीचं नावही लिहावं, एवढ्यावरून अर्ज अडतात. गावातले चालू फेरफार ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

नाव लागलं तरी पुढे हक्कसोडपत्र उभं असतं. “बँकेच्या कर्जाला सही लागते, जरा तालुक्याला ये” असं म्हणून नेतात. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर अंगठा आणि फोटो घेतला जातोय म्हणजे हा कर्जाचा कागद नसूही शकतो, हे तिथेच ओळखावं. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा, त्यात गट नंबर आणि ‘विनामोबदला’ हा शब्द शोधावा. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, फसवणूक कोर्टात सिद्ध करावी लागते. साध्या स्टँपवर लिहून घेतलेल्या कागदानं मात्र सातबाऱ्यावरचं नाव कमी होत नाही. (साडीचोळीच्या बदल्यात एकर सोडायला लावणाऱ्या या रिवाजाला माया म्हणणं मला तरी जमत नाही.)

नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय १९९२ पासून आहे, लक्ष्मीमुक्ती. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून आलेली. नवऱ्याचा अर्ज पुरतो. अडचण एवढीच की अर्ज नवऱ्यानंच करायचा.

चुकीचा फेरफार प्रमाणित झाला असेल तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील करावं, मुदत साठ दिवस. ती उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा आणि नोटीस बजावल्याच्या पोचपावतीची नक्कल मागावी. तिच्यावर सही कुणाची आहे, ते बघावं.