बंद घरांच्या किल्ल्या

माझ्याकडे पाच घरांच्या किल्ल्या आहेत. कोथरूडमध्ये मयूर कॉलनीजवळ आमची सोळा फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. त्यातले पाच फ्लॅट वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतात. मुलं अमेरिकेत नाहीतर कॅनडात, आईवडील त्यांच्याकडे गेलेले किंवा आता नसलेले. माझी आई गेली, मी बँकेतून निवृत्त झाले, आणि एकेक करून किल्ल्या माझ्याकडे येत गेल्या. एकटी बाई, कायम घरात असणारी. किल्ली द्यायला याहून सोयीचं माणूस कुठलं?

दर मंगळवारी मी पाचही घरं उघडते. सगळे नळ सोडते, कारण नहाणीच्या ट्रॅपमधलं पाणी वाळलं की खालचा वास वर येतो आणि झुरळंही येतात. पावसाळ्यात कपाटांची दारं तासभर सताड उघडी ठेवते, नाहीतर साड्यांवर बुरशी धरते. आणि दाराच्या कडीत खोचलेली पत्रकं काढून टाकते. पोळीभाजीचा डबा, टाकीची सफाई, अबॅकसचे क्लास. चार पत्रकं साठली की जिना चढणाऱ्या कुणालाही कळतं, इथे कुणी राहत नाही.

म्हणूनच 'बिन-जिप' हा चित्रपट पाहताना पहिल्या काही मिनिटांतच माझे हात थंड पडले होते. मोटरसायकलवरून फिरणारा एक तरुण दारादारांवर हॉटेलची पत्रकं चिकटवत जातो. नंतर परत येऊन बघतो, कुठलं पत्रक तसंच राहिलंय. त्या घरात कुलूप उघडून शिरतो. चोरत काहीच नाही. फ्रिजमधलं काहीतरी शिजवून खातो, अंघोळ करतो, त्या घरातल्यांचे मळके कपडे हातानं धुऊन वाळत घालतो, बिघडलेली वस्तू दुरुस्त करतो आणि निघून जातो.

हा चित्रपट कोरियन दिग्दर्शक किम की-डुकचा, २००४ सालचा. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला. बाहेर तो 'थ्री-आयर्न' या नावानं माहीत आहे, गोल्फच्या एका काठीवरून. कोरियन नावाचा अर्थ मात्र साधा आहे : रिकामं घर. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या माझ्या भाच्यानं चार वर्षांपूर्वी मला तो दिला होता. तेव्हा घरी पाहिला. या आषाढात पुन्हा पाहिला, तो नऊ नंबरच्या फ्लॅटमध्ये, तिथल्या काकांच्या बंद घरात. सुतार अकराला येतो म्हणाला आणि आला तीनला. लॅपटॉप बरोबर होता.

तर तो तरुण, ते-सोक, एका मोठ्या बंगल्यात शिरतो. घर रिकामं आहे अशी त्याची समजूत. पण आत सोन-ह्वा आहे, नवऱ्यानं मारलेली, चेहरा सुजलेली. ती ओरडत नाही, पोलिसांना बोलवत नाही. या खोलीतून त्या खोलीत त्याच्या नकळत त्याच्या मागे जाते आणि बघत राहते, हा परका मुलगा आपल्या घरात काय काय करतोय. त्यानं कपडे धुतलेले बघते. मला वाटतं, ती त्याच्याबरोबर निघून जाते ते त्या धुतलेल्या कपड्यांमुळे. त्या घरातल्या वस्तूंना इतक्या हळुवारपणे कुणी हात लावलेलाच नसावा.

तो आख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही. तीही जवळजवळ शेवटपर्यंत बोलत नाही. दोघं मिळून बंद घरांतून राहत जातात. ती हळूहळू त्याच्या शेजारी बसून कपडे धुवायला लागते. कपडे चोळणारे चार हात, एवढीच त्यांची प्रेमाची भाषा.

यातलं निषिद्ध काय, ते आपल्याला आज नीट जाणवणार नाही. हा चित्रपट आला तेव्हा दक्षिण कोरियात व्यभिचार हा फौजदारी गुन्हा होता. नवऱ्यानं तक्रार केली तर बायको आणि तिचा जोडीदार दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. तिथल्या घटना न्यायालयानं तो कायदा रद्द केला २०१५मध्ये. आपल्याकडचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली काढलं, आणि आपल्या कलमात तर बायकोला आरोपीसुद्धा करत नव्हते, इतकी ती नवऱ्याची वस्तू. ते मी पेपरात वाचलं तेव्हा आई होती. ती म्हणाली, "कायद्यानं मारणाऱ्याला कधी विचारलं नाही, निघून जाणारीला बरोब्बर विचारलं." आईनं हे कोणाला आठवून म्हटलं, ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. २०१८मध्ये या दिग्दर्शकावर अभिनेत्रींनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यानं ते नाकारले. २०२०च्या डिसेंबरात लाटवियामध्ये कोविडनं तो गेला. मार खाणाऱ्या बाईचा चेहरा ज्यानं इतक्या मायेनं दाखवला, त्याच्याबद्दल हे वाचल्यावर मी बरेच महिने या चित्रपटाकडे वळले नाही. आजही पाहताना ते मनातून जात नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं. सोन-ह्वा मात्र मला सोडवत नाही.

आणि ते म्हाताऱ्याचं दृश्य. एका फ्लॅटमध्ये ही दोघं शिरतात तर आत एक वृद्ध माणूस मरून पडलेला. ती दोघं पळून जात नाहीत. त्याला स्वच्छ करतात, रीतीप्रमाणे कापडात गुंडाळतात, गाठी नीट बांधतात आणि पुरतात. नंतर मुलगा येतो आणि ही दोघं पकडली जातात.

आमच्या तळमजल्यावर एक सर राहायचे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या दाराला दुधाच्या दोन पिशव्या लटकलेल्या दिसल्या, कालची आणि आजची. वॉचमननं दार तोडलं. डॉक्टर, पोलीस, सगळं झालं. मुलगा टोरंटोहून येईपर्यंत दोन दिवस त्यांना शवागारात ठेवावं लागलं. वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याआधी घरी आणलं, तेव्हा मुलगा दाराशीच उभा राहिला, त्याला पुढे होववेना. मी आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं सरांचं तोंड ओल्या पंचानं पुसलं. मी त्यांचा भांग पाडला. रोज जिन्यात "काय, निघालात?" एवढंच आमचं बोलणं, बारा वर्षांत त्यांच्या घरात मी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचे केस फार मऊ होते. चित्रपटातलं ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सर हयात होते. या वेळी मला ते थांबवावं लागलं. उठून काकांच्या बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

तुरुंगात ते-सोक नाहीसं व्हायला शिकतो. पहारेकऱ्याच्या पाठीमागे, त्याच्या सावलीच्या अंदाजानं हलत राहतो, म्हणजे कोठडी रिकामी वाटावी. शेवटी तो तिच्या घरात तसाच राहतो, नवऱ्याच्या पाठीमागे. ती "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणते. नवऱ्याला वाटतं, आपल्याला. ती आणि ते-सोक वजनकाट्यावर उभी राहतात आणि काटा शून्य दाखवतो. ते भूत आहे, स्वप्न आहे, की तिच्या मनाचा खेळ, यावर भाचा तासभर बोलू शकतो. मला तो प्रश्न पडत नाही. घरात न दिसणारं माणूस असतं आणि त्याच्यासाठी ताट वाढता येतं, हे मी आई गेल्यावर काही महिने केलेलं आहे.

हेही सांगते. मंगळवारचं काम अर्ध्या तासाचं असतं, पण नऊ नंबरमध्ये मी तासभर थांबते. दार आतून लावून घेते. काकूंच्या वेताच्या खुर्चीत बसते. यात मी काही घेत नाही, काही हलवत नाही, तरी कडी लावताना छातीत धडधडतं. भिंतीवरचं कॅलेंडर काका अमेरिकेला गेले त्या मार्चवरच आहे. पान उलटायचा धीर मला झालेला नाही.

सुतारानं बाल्कनीच्या दाराची कड रंध्यानं तासली. पावसात ते फुगून चिकटायचं, काकू असतानाच्या काळापासून. रात्री न्यू जर्सीहून काकांचा फोन आला.

"बाल्कनीचं दार अजून चिकटतं का गं?"

"नाही काका. आज करून घेतलं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बसतेस ना तिथे जरा वेळ?"

मी हो म्हटलं.

"बसत जा," ते म्हणाले. "संध्याकाळी बस. त्या बाजूनं ऊन येतं."