टूसॉन ते डेट्रॉईट, 1979 च्या कॅडिलॅकमधून

मिशिगनमध्ये जुनी गाडी बघायला गेलं की आधी गाडीखाली शिरावं लागतं. हिवाळाभर इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ भल्याभल्या गाड्यांचा पत्रा आतून खाऊन टाकतं. म्हणून डेट्रॉईटच्या कंपनीची कॅडिलॅक मी सुमारे दोन हजार मैलांवर, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये शोधली. तिथली हवा इतकी कोरडी आहे की अमेरिकी हवाई दल आपली निवृत्त विमानं डेव्हिस-मंथन तळावर हजारोंनी उघड्यावर ठेवतं. विमानं टिकतात तिथे गाडीही टिकते.

मला 1977 ते 79 मधलीच सेडान डीव्हिल, म्हणजे कॅडिलॅकची चार दारांची मोठी गाडी, हवी होती. त्याआधीची कॅडिलॅक हिच्याहून नऊ इंचांनी लांब आणि जवळपास चारशे किलोंनी जड होती, इंजिन 8.2 लिटरचं. 1973 च्या तेलटंचाईनंतर कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सने 77 साली गाडी आखूड केली, पण आतली जागा कमी होऊ दिली नाही. पुढे 1981 साली गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडरवर चालणारं इंजिन आलं, ते त्या काळच्या कॉम्प्युटरला झेपलं नाही. 82 चं 4.1 लिटरचं इंजिन तर आजही बदनाम आहे. मधल्या तीन वर्षांत मात्र 7 लिटरचं लोखंडी व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशी जोडी मिळते. निगा राखली तर या जोडीला मरण नाही. आणि ही ‘लहान केलेली’ गाडीसुद्धा अठरा फुटांहून लांब आहे, आपल्या ॲम्बॅसिडरपेक्षा चार फूट जास्त!

बाबा तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आले होते. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. ते बरोबर आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त होतो.

गाडी ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांची होती. फिकट पिवळा रंग, आत त्याच रंगाची चामड्याची सीटं. बाबांनी रंगाकडे बघितलंही नाही. आधी इंजिन ऑइलची पट्टी, मग गिअर ऑइलचा वास घेतला, जळका नाही याची खात्री केली. छतावर व्हिनाइलचं गादीदार आवरण असतं, ते बोटांनी कडेकडेने दाबत गेले. “वरून छान दिसतं रे, पण खाली पाणी मुरलं असेल तर पत्रा गेलाच समज.” छत कडक निघालं. उन्हाने डॅशबोर्डला मात्र चीर पडली होती, रबरी होज दगड झाले होते आणि बंपर व मडगार्डच्या मधले प्लास्टिकचे तुकडे हात लावताच भुगा होऊन पडले. ते या तिन्ही वर्षांच्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं आहे. नवे तुकडे मिळतात, त्यापायी चांगली गाडी सोडू नये.

आजोबांकडे सर्व्हिसिंगच्या पावत्यांची जाडजूड फाइल होती. माझ्या मते अशी फाइल चकचकीत रंगापेक्षा मोलाची. नऊ हजार डॉलरला सौदा ठरला. ॲरिझोनात टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या बँकेत गेलो.

एवढ्या लांबच्या प्रवासाआधी एक काम करायचंच होतं. त्या काळी इंजिनाचा आवाज कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्टच्या गिअरचे दात नायलॉनचे करत. इतक्या वर्षांनी ते ठिसूळ होतात, तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. टूसॉनच्या गॅरेजमध्ये पुढचं कव्हर उघडलं तेव्हा दोन दात जागेवर नव्हते. बाबांनी उरलेलं नायलॉन नखाने टोकरलं. “आवाज चालेल रे, दात पाहिजेत.” पूर्ण स्टीलचा सेट आणि दुपदरी चेन टाकली, ऑइल पॅन उतरवून जाळी साफ केली, हात तिथे पोचलाच होता म्हणून वॉटर पंपही बदलला. ब्रेकचे होज नवे. पेट्रोलचे होजही नवे, कारण अमेरिकेतल्या आताच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. टायर 2008 चे होते. त्या जागी पांढऱ्या पट्टीचे नवे घातले.

स्प्रिंगना हात लावला नाही. या गाड्या खाली बसवून, सस्पेन्शन कडक करून, मोठी चाकं घालून फिरणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ब्रेक लागणं, इंजिन थंड राहणं आणि इतरांना गाडी दिसणं, एवढ्यापुरतीच सुधारणा करावी. हिची मऊ चाल बदलली तर जे घ्यायला आलो तेच हातचं गेलं.

आय-10 महामार्गाने पूर्वेला निघालो आणि ॲरिझोनातल्याच टेक्सस कॅनियनमधल्या एकावर एक रचल्यासारख्या दिसणाऱ्या शिळांमधून जाताना गाडी कळू लागली. सात लिटरच्या इंजिनाची ताकद फक्त 180 हॉर्सपॉवर, कागदावर हसू येतं. पण सगळा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो, म्हणून ताशी 70 मैलांना इंजिनाची फक्त कुजबुज असते. रस्त्यावरच्या सांध्यावर गाडी झोपाळ्यासारखा एक हेलकावा घेते आणि शांत होते. समोर क्षितिजापर्यंत सरळ रस्ता असला की या गाडीचा आकार, वजन, मऊपणा सगळ्याचं कारण डोळ्यांसमोर असतं.

न्यू मेक्सिकोत डेमिंगहून हॅच गावाचा आडरस्ता मुद्दाम घेतला. सप्टेंबर म्हणजे हॅचच्या हिरव्या मिरचीचा हंगाम. जाळीचं पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरवत मिरच्या भाजतात आणि तो वास गाव येण्याआधीच गाडीत शिरतो. बाबांनी एक मोठी पिशवी घेतली. डिकीत चार माणसांचं सामान मावतं, तरी वास पुढपर्यंत येत राहिला. त्या रात्री अल्बुकर्कीला मोटेलात लसूण-मीठ घालून त्यांनी पेल्याच्या बुडाने ठेचा केला. तिखट बेताचं, पण चव अस्सल.

अल्बुकर्कीच्या पुढे रस्ता सुमारे 7,000 फुटांपर्यंत चढतो. तिथे हवा विरळ, कार्बोरेटर मात्र पेट्रोल तेवढंच देतो. चढावर गाडी जड झाली, मागे धुराचा वास आला. उतरल्यावर आपोआप ठीक झाली. एकूण सरासरी गॅलनला पंधरा मैल पडली, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आत. “पन्नास माणसं भरून आमची एसटी पाचाच्या आसपास द्यायची,” बाबा म्हणाले.

टुकमकॅरीला रूट 66 या जुन्या प्रसिद्ध महामार्गावरच्या जुन्या ब्लू स्वॅलो मोटेलात राहिलो. तिथल्या निऑनच्या प्रकाशात ही गाडी बघायलाच हवी. दुसऱ्या दिवशी अमॅरिलोच्या अलीकडे कॅडिलॅक रँच. शेतात दहा कॅडिलॅक नाकावर पुरलेल्या. 1974 मध्ये अँट फार्म या कलावंत गटाने त्या उभ्या केल्या आणि 1997 मध्ये शहर वाढलं म्हणून दोनेक मैल पश्चिमेला हलवल्या. 1949 पासून 1963 पर्यंतची मॉडेलं असल्याने मागच्या मडगार्डवरचे टोकदार पंख कसे उगवले, वाढले आणि ओसरले ते रांगेत दिसावं अशी कल्पना. आता रंगाचे थर इतके चढलेत की कडा पुसल्या गेल्यात. लोक हौसेने फवारे मारत होते, मला मात्र हात उचलावासा वाटला नाही. आमच्या गाडीला पंख नाहीत, पण मागचे उभे अरुंद दिवे त्याच घराण्यातले. बाबा वाकून उघडे पडलेले ॲक्सल बघत होते.

ओक्लाहोमा, मिसुरी, इंडियाना मका आणि ट्रक बघत पार पडले. सेंट लुईसची 630 फुटी कमान पुलावरूनच पाहिली.

घरी आल्यावर उरलेलं उरकलं. जुन्या एसीत आर-12 वायू लागायचा, त्याचं उत्पादन अमेरिकेत 1995 अखेर थांबलं. ओ-रिंग आणि तेल बदलून आर-134ए भरला. मागच्या काचेशी तिसरा ब्रेक लाइट लावला, कारण आजचा ड्रायव्हर तो उंचीवर शोधतो. बंपरचे तुकडे रंगवून बसवले. मूळ रेडिओ जागेवर आहे, ब्लूटूथ डॅशबोर्डमधल्या झाकणाच्या कप्प्यात लपवलंय.

मीठ पडायच्या आत ती गॅरेजमध्ये जाईल, टाकीत पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर आणि बॅटरीला मंद चार्जर लावून. कार्बोरेटर तेवढ्यात खोलायचाय. किट आलंय आणि बाबांनी जुन्या जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोट्यांचे, आकडे वहीत उतरवून ठेवलेत. ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, त्याआधी ते काम संपवायचं ठरलंय.