मामाचा स्पेक्ट्रम प्लस परत चालू केला, त्याचा अनुभव

जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करायचं वेड असलेल्या लोकांचा आमचा एक छोटा ग्रुप आहे, सगळे गोव्यातलेच, कोणी डिचोलीचं, कोणी म्हापशाचं, एक जण पार काणकोणहून येतो. जमेल त्या रविवारी फोंड्याला एकाच्या घरच्या पडवीत बसतो. क्लब म्हणा हवं तर, पण रजिस्ट्रेशन नाही की वर्गणी नाही, चहा आणि बन्स-पातळभाजीचे पैसे जमवले की झालं. मी त्यात शिरलो तो मामाच्या मशीनमुळे. त्या मशीनचं काय काय केलं ते सविस्तर लिहितोय कारण कोणाच्या तरी माळ्यावर असा डबा नक्की पडलेला असणार.

मामा बोटीवर होता. ऐंशीच्या दशकात कधीतरी बाहेरून येताना त्याने सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आणला, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम घ्यायचा होम कॉम्प्युटर. मूळ स्पेक्ट्रम १९८२ चा, रबरी बटणांवाला, आणि हा प्लस १९८४ चा, आत बोर्ड जवळपास तोच, फक्त वरून कडक प्लास्टिकचा किबोर्ड. भारतात नंतर, १९८८ मध्ये, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता, आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे तो आहे आणि तो त्याला कोणाला हात लावू देत नाही. मामाचा मात्र थर्माकोलसकट खोक्यात, अॅडॅप्टर, केबल, कॅसेट सगळं एकत्र, माळ्यावर किती पावसाळे काढले देव जाणे. "घेऊन जा रे, नाहीतर भंगारवाल्याला देतो," म्हणाला.

ग्रुपमध्ये पहिला नियम कळला तो म्हणजे आणलेलं मशीन लगेच प्लगला लावायचं नाही. आमच्यात एक रिटायर झालेले सर आहेत, सरकारच्या क्लास प्रोजेक्टच्या वेळचे, म्हणजे १९८४ मध्ये देशभरातल्या अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर दिले होते ना, त्या वेळचे. आणि दुसरे आहेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले काका, साखळीचे, ज्यांना कॉम्प्युटरचं फारसं कौतुक नाही पण हातात मल्टिमीटर दिला की बास. काकांचं एकच म्हणणं, आधी मोजायचं मग काढायचं.

तर अॅडॅप्टरपासून सुरुवात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, १.४ अँपिअर, पण गंमत अशी की मधल्या टोकाला निगेटिव्ह असतं. आजकालच्या राउटरचा ९ व्होल्टचा अॅडॅप्टर घरोघरी पडलेला असतो आणि त्याचं मधलं टोक बहुतेक वेळा पॉझिटिव्ह. पिन बसते, व्होल्टेज जुळतो, आणि लावला की बोर्डाची वाट. मामाच्या मूळ अॅडॅप्टरचा ट्रान्सफॉर्मर गंजला होता म्हणून तो बाजूला ठेवला, राउटरचा एक चांगल्या दमाचा घेतला, वायर कापून उलटी जोडली, मीटरवर बघितलं, काकांनी परत बघितलं, मग त्यावर लाल टेप गुंडाळून मोठ्या अक्षरात 'फक्त स्पेक्ट्रम' लिहिलं. हे लिहिणं महत्त्वाचं, नाहीतर घरात कोणीतरी तो राउटरला लावणार.

उघडताना एक काळजी घ्या. खालचे स्क्रू काढले की वरचं झाकण पटकन उचलावंसं वाटतं, पण किबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच लाइनची आणि एक आठ लाइनची. त्या सरळ वर ओढून काढायच्या, वाकवायच्या नाहीत. आमच्या तर हात लागायच्या आधीच कडक होऊन तडकल्या होत्या. हे सगळ्याच प्लसमध्ये होतं, प्लास्टिकच ते. नवीन मेम्ब्रेन, म्हणजे किबोर्डच्या आतला या पट्ट्यांसकटचा पातळ थर, आजही बनतात, बाहेरून मागवायला लागतात, आणि मेम्ब्रेनपेक्षा कुरियर आणि कस्टम महाग पडतं, हे सांगून ठेवतो.

आत हिरवट गंज. आपल्याकडची हवा म्हणजे काय सांगायला नको, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तिथे चिपच्या पायांचं काय होणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड पुसला, मागचा एज कनेक्टर (बाहेरची उपकरणं जोडायची बोर्डाची कड) पण, आणि रात्रभर वाळू दिला.

मग पॉवर. आता खरी मजा. आत ७८०५ रेग्युलेटर असतो, तो ५ व्होल्ट काढतो, ते बरोबर आले. पण स्पेक्ट्रमला एवढंच पुरत नाही. त्यातल्या ४८ के (किलोबाइट) मेमरीपैकी खालची १६ के ४११६ जातीच्या आठ चिपांची, आणि त्या चिपला तीन तीन व्होल्टेज लागतात, +५, +१२ आणि −५. ते बारा आणि उणे पाच बनवायला बोर्डावर एक कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टरचं छोटं सर्किट आहे, आणि अख्ख्या स्पेक्ट्रममधली सगळ्यात बदनाम जागा हीच. मोजायचं कसं तर ४११६ च्या पायांवरच, पाय १ वर −५, पाय ८ वर +१२, पाय ९ वर +५, पाय १६ म्हणजे ग्राउंड. आमच्याकडे पाय ८ वर बाराच्या जागी नऊच्या आसपास आणि पाय १ वर शून्य. काकांनी लगेच मशीन बंद करायला लावलं, कारण उणे पाच नसताना त्या चिपला वरचं व्होल्टेज मिळत राहिलं की चिपच मरते.

त्या सर्किटच्या दोन ट्रान्झिस्टरपैकी टीआर४ नावाचा गेला होता. बदली म्हणून झेडटीएक्स६५० चालतो, तो मागवला, टीआर५ पण मोजून घेतला, तो ठीक होता. इथे एक टीप, टीआर४ गेला की लोक फक्त तोच बदलतात आणि परत जाळतात. बऱ्याचदा एखादी ४११६ आतून शॉर्ट झालेली असते आणि तिच्यामुळे तो जातो. म्हणून पॉवर न देता प्रत्येक व्होल्टेजच्या लाइनचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजायचा. आमची एक चिप अशी सापडली. ती काढून तिथे सॉकेट बसवलं, काकांच्या जुन्या स्टॉकमधली ४११६ टाकली. काढताना मूळ चिपचे पाय सरळ कापून टाकायचे आणि मग एकेक पाय गरम करून काढायचा, चिप वाचवायच्या नादात बोर्डाचे तांब्याचे ट्रॅक उचलायचे नाहीत. ट्रॅक आधीच नाजूक असतात.

यावर ग्रुपमध्ये वाद झालाच. कॉलेजला जाणारा एक मुलगा आहे तो म्हणे सगळ्या आठच्या आठ काढा आणि ४१६४ जातीच्या चिपा टाका, त्यांना नुसते ५ व्होल्ट लागतात, फक्त पाय ८ च्या बाराची लाइन तोडून तिथे पाच द्यायचे. चूक नाही त्याचं, चालतं ते. पण मला पटलं नाही. ज्या सात चालतात त्या कशाला काढायच्या. सर म्हणाले, "मशीन तुझ्या मामाचं, तू ठरव," आणि विषय संपला.

टीव्हीचं लवकर सांगतो. मूळ सिग्नल अँटेनाच्या सॉकेटमधून यूएचएफ चॅनल ३६ वर येतो, आजच्या एलईडी टीव्हीवर तो पकडणं म्हणजे डोकेदुखी. मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा अँटेनासारखा सिग्नल बनवणारी डबी, तिच्याकडे जाणारी वायर सोडवून कंपोझिट (साधा चित्राचा) सिग्नल थेट बाहेर काढला की टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनमध्ये जातो. काही कट्टर लोकांना हे आवडत नाही, मला काही वाटत नाही, परत पूर्ववत करता येतं आणि चित्र कितीतरी स्वच्छ दिसतं.

चालू केलं. स्क्रीन काळा, मग लाल उभ्या रेषा, मग पांढरा, आणि खाली '© १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड'. पडवीत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, काका सोडून. काका म्हणाले, "मेमरी पूर्ण आहे का ते बघ."

हे बघायची सोपी पद्धत आहे, मशीनमधल्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रिंट करून २३७३२ चा पीक अधिक २५६ गुणिले २३७३३ चा पीक (पीक म्हणजे मेमरीतल्या त्या पत्त्यावरचा आकडा). मशीनने स्वतः सुरुवातीला मेमरी तपासून शेवटचा चालणारा पत्ता तिथे लिहून ठेवलेला असतो. ४८ के पूर्ण असेल तर ६५५३५ येतं. (ग्रुपमधल्या एका सुट्ट्या किबोर्डवरून टाइप करत होतो, आमचं मेम्ब्रेन तेव्हा कस्टममध्ये.) आलं ३२७६७. म्हणजे वरची ३२ के मशीनला दिसतच नाही, मामाचा ४८ के वाला स्पेक्ट्रम १६ के होऊन बसलेला.

वरच्या मेमरीची पण एक गोष्ट आहे. सिंक्लेअर कंपनी पैसे वाचवण्यात पटाईत, तर त्यांनी तिथे अर्ध्या खराब असलेल्या ६४ किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा वापरला, कुठला अर्धा ते बोर्डावरच्या वायरच्या तुकड्याने ठरवायचं. म्हणून त्या आठही चिपा एकाच प्रकारच्या लागतात, मनाला येईल ती उचलून टाकता येत नाही. आम्ही सगळे चिपांवर संशय घेऊन बसलो, मुलगा तर ऑर्डर द्यायला निघाला. काका भिंगातून शेजारच्या लहान चिपा बघत होते. ७४एलएस१५७, मेमरीला पत्ता निवडून देणाऱ्या दोन चिपा असतात, त्यातल्या एकीचा एक पाय चिपपाशीच हिरवा झाला होता. टूथपिकने हलवला आणि पाय सुटून बाजूला झाला. पुसताना आमच्या सगळ्यांच्या नजरेतून निसटलेला. दिसायला जागेवर, पण कनेक्शन नाही.

ही चिप काही दुर्मिळ नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळते, एक जण कामासाठी जाणारच होता, त्याने मूठभर आणल्या. बदलली, ६५५३५ आलं. तेवढ्यात लाइट गेली, ते वेगळं.

मेम्ब्रेन आल्यावर ते बसवून मशीनचं झाकण लावलं आणि मामाला दाखवायला नेलं. मामा म्हणाला गेम लाव. कॅसेटचा डबा काढला तर टेपवर पांढरी बुरशी, टेप सरळ प्लेअरमध्ये टाकायची नाही, हेड खराब होतो आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. म्हणून आधी मोबाइलवरून ऑडिओ फाइल वाजवून बघितली, हेडफोनच्या पिनमधून इअर सॉकेटमध्ये, आवाज जवळपास फुल. 'जे' अक्षराचं बटण दाबलं की 'लोड' उमटतं, मग दोनदा अवतरणचिन्ह, प्लसवर त्याचं वेगळं बटण आहे. बॉर्डरवर आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक, आणि तो कर्कश आवाज. ४८ के चा गेम यायला पाचेक मिनिटं लागतात. मामी आतून ओरडली, "बंद करा रे ते."

मामाच्या कॅसेटपैकी एक बरी निघाली, ती अल्कोहोलने पुसत पुसत हाताने गुंडाळून काढली. पहिल्यांदा लावली तर 'टेप लोडिंग एरर'. काकांना फोन केला, ते म्हणाले प्लेअरच्या हेडजवळच्या छोट्या स्क्रूने हेडचा कोन फिरव, आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण येईल तिथे थांब. फिरवला, आला प्रोग्रॅम, मामाने स्वतः टाइप केलेला, बोटीवरच्या पगाराचे डॉलर रुपयात करून दाखवणारा. त्यात डॉलरचा भाव बारा रुपये काहीतरी घातलेला होता, मामा खूप हसला आणि लगेच बसून तो आकडा बदलायला लागला. बाकीच्या कॅसेट सध्या सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात आहेत, चवथ (गणेशचतुर्थी) झाली की काढतो.